आठ पेडलचा बोर्ड काढून एकच मल्टी-इफेक्ट्स: जोडणी, लेव्हल आणि फझचं काय करायचं?

तारतम्य

सध्याची साखळी गिटारपासून अशी: जर्मेनियम फझ (जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं, आवाज खरखरीत करणारं पेडल), वाह, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस, मग अ‍ॅम्प. अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीअ‍ॅम्पनंतरच्या सेंड-रिटर्न जॅकच्या वाटेत) डिले आणि रिव्हर्ब. अ‍ॅम्प ४० वॉटचा व्हॉल्व्ह कॉम्बो, दोन चॅनलचा. म्हणजे ८ पेडल, १० केबल्स, २० पिना, आणि त्यातली एक पिन कायम रुसलेली.

हे सगळं काढून एचएक्स स्टॉम्पच्या जातीचं लहान युनिट (सगळे इफेक्ट्स एकाच डिजिटल डब्यात) घ्यायचा विचार आहे. अ‍ॅम्प ठेवायचाच आहे, त्याचा क्रंच चॅनल सोडवत नाही. शंका अशा: एवढ्याशा डब्यात सगळे पेडल बसतात का? अ‍ॅम्पच्या लूपसकट ते जोडायचं कसं? आणि फझ विकून टाकू का?

बारावा फ्रेट

आधी जोडणी, कारण घोटाळा बहुतेक तिथेच होतो आणि दोष आवाजाला दिला जातो. अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प (आवाजाला रंग देणारा पुढचा भाग) वापरायचा असेल तर फोर केबल मेथडच हवी:

१. गिटार ते युनिटचा इनपुट
२. युनिटचा सेंड ते अ‍ॅम्पचा पुढचा इनपुट
३. अ‍ॅम्पच्या लूपचा सेंड ते युनिटचा रिटर्न
४. युनिटचा मोनो आउटपुट ते अ‍ॅम्पच्या लूपचा रिटर्न

मग प्रीसेटमध्ये (साठवलेल्या मांडणीत) ब्लॉक, म्हणजे डिजिटल पेडल, या क्रमाने लावा: वाह, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, एफएक्स लूप, कोरस, डिले, रिव्हर्ब. 'एफएक्स लूप' ब्लॉक जिथे ठेवाल तिथे तुमचा खरा प्रीअ‍ॅम्प येऊन बसतो. त्याच्या डावीकडचं सगळं अ‍ॅम्पच्या पुढे, उजवीकडचं सगळं लूपमध्ये. कोरस सध्या अ‍ॅम्पच्या पुढे आहे. तो क्रंचच्या आधी राहिला की जरा गढूळ आणि जुन्या वळणाचा वाजतो, नंतर ठेवला की स्वच्छ आणि रुंद. आता तो नुसता ब्लॉक आहे, सरकवून ऐका. पेडल असताना यासाठी निम्मा बोर्ड उचकटावा लागला असता.

हे झाले ७ ब्लॉक. ट्यूनर युनिटात असतोच, त्याला ब्लॉक लागत नाही. स्टॉम्पमध्ये सुरुवातीला ६ ब्लॉकच मिळायचे, ३.० फर्मवेअरपासून ८ मिळतात. आठवा नॉइज गेटला (न वाजवताना येणारी खरखर दाबणाऱ्या ब्लॉकला) द्या. ब्लॉक शिल्लक असूनही प्रोसेसर संपू शकतो हे मात्र लक्षात असू द्या. एकाच वेळी अनेक स्वर सरकवणारे पॉलिफोनिक पिच ब्लॉक सगळ्यात खादाड, हवे ते ब्लॉक यादीत करडे पडले की समजा ताट भरलं.

अ‍ॅम्प मॉडेल आणि कॅब सिम्युलेशन (स्पीकरच्या पेटीची नक्कल) दोन्ही बंद. खऱ्या स्पीकरवर कॅब सिम चालू राहिलं की आवाज दोनदा गाळला जातो आणि घोंगडीखालून आल्यासारखा लागतो. 'मल्टी-इफेक्ट्सचा आवाज मेलेला असतो' अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हेच बघायचं.

ब्लॉकपेक्षा मोठा प्रश्न फूटस्विचचा आहे. आठ पेडल म्हणजे पायाखाली कायम आठ बटणं. स्टॉम्पला ३ आहेत, स्टॉम्प एक्सएलला ८. खरेदीआधी एक काम करा: प्रत्येक गाण्यात कुठली बटणं एकाच क्षणी दाबता ते कागदावर लिहा. डिस्टॉर्शन चालू, कोरस बंद, डिले चालू असं तीन बटणांचं नृत्य होत असेल तर स्नॅपशॉटने (प्रीसेटमधले कुठले ब्लॉक चालू-बंद याची साठवलेली स्थिती) ते एका दाबात होतं आणि ३ बटणं पुरतात. पण गाणं चालू असताना सुचेल तसं कधी हे, कधी ते चालू करायची सवय असेल, तर ३ बटणांवर आठवड्याभरात चिडचिड सुरू होईल.

ओहमकार

फझ विकू नका. आठांत तो एकच असा आहे जो डब्यात जाऊन खरंच काहीतरी हरवतो.

कारण सांगतो. फझ फेसच्या वळणाच्या जर्मेनियम सर्किटचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फार कमी असतो, काही किलोओहमच्या घरातला. त्यामुळे पिकअपची कॉइल आणि गिटारचा व्हॉल्यूम पॉट हे त्या सर्किटचाच भाग होऊन बसतात. व्हॉल्यूम ७ वर आणला की फझ स्वच्छ होतो तो याच भानगडीमुळे. युनिटचा इनपुट मात्र साधारण १ मेगाओहमचा बफर, म्हणजे पिकअपला पुढच्या सर्किटपासून वेगळं ठेवणारा टप्पा. पिकअपला पलीकडे फझ आहे याचा पत्ताच नसतो. काही युनिटांत यावर इलाज असतो. हिलिक्समध्ये (स्टॉम्प याच घराण्यातला) इनपुट इम्पिडन्स १० किलोओहमपासून १ मेगाओहमपर्यंत बदलता येतो, आणि 'ऑटो'वर ठेवला तर साखळीतल्या पहिल्या ब्लॉकप्रमाणे तो आपोआप ठरतो. म्हणून डिजिटल फझ वापरायचाच असेल तर तो अगदी पहिला ब्लॉक ठेवा. फरक पडतो. तरी व्हॉल्यूम पॉटवरची ती नजाकत पूर्ण येत नाही.

म्हणून: गिटार, फझ, मग युनिटचा इनपुट. फझच्या आधी बफर असलेलं काहीही नको, बफर्ड ट्यूनरसुद्धा नको. बफर आधी आला की फझ कर्कश होतो आणि व्हॉल्यूम कमी केल्यावर स्वच्छ व्हायच्या ऐवजी नुसता हळू होतो.

विजेचं: जुन्या पद्धतीचा पीएनपी जर्मेनियम फझ पॉझिटिव्ह ग्राउंडचा असतो. तो इतर पेडलांसोबत एकाच डेझी चेनवर (अनेक पेडलना वीज देणाऱ्या एका तारेवर) लावला तर सप्लाय शॉर्ट होतो. त्याला बॅटरी द्या किंवा पूर्ण वेगळा, आयसोलेटेड आउटपुट.

आणि युनिट तुमच्या सध्याच्या पॉवर सप्लायवर चालेल असं गृहीत धरू नका. ओव्हरड्राइव्हसारखी अ‍ॅनालॉग पेडल ५ ते २० मिलिअँपिअरवर भागवतात, म्हणून पॉवर सप्लायचा १०० मिलिअँपिअरचा आउटपुट त्यांना चैन वाटते. स्टॉम्पसोबत येणारा अडॅप्टर ९ व्होल्ट, ३ अँपिअरचा आहे. व्होल्टेज आणि पोलॅरिटी तंतोतंत जुळली पाहिजे. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, कमी असले तर युनिट सुरू होतं आणि ऐन वेळी रीसेट होतं.

मंद्रसप्तक

वरच्या दोघांशी सहमत, पण मला अर्धीच अदलाबदल जास्त शहाणपणाची वाटते. ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन ही पेडल लहान, वीज कमी खाणारी, आणि नॉब जागेवर फिरवता येणारी. कोरस, डिले, रिव्हर्ब यांतच मेनू, टेंपो, प्रीसेट यांचा खरा उपयोग. युनिट फक्त लूपमध्ये ठेवलं तर चारऐवजी दोनच केबल्स, आणि लूपमधला ब्लॉकही वाचतो. टॅप टेंपोवर डिले ठरवायला मिळणं एवढ्यासाठीसुद्धा ते परवडतं: १२० बीपीएमला चतुर्थांश नोट ५०० मिलिसेकंद, डॉटेड एट्थ ३७५. हे प्रत्येक गाण्याला नॉबने जुळवत बसणं म्हणजे हमाली.

डिलेची शेपटी हा एक खड्डा. प्रीसेट बदलला की बहुतेक युनिटांत आवाजात क्षणभर फट पडते आणि आधीच्या डिलेचे प्रतिध्वनी कापले जातात. त्यामुळे एका गाण्याला एक प्रीसेट, आणि गाण्यातले बदल त्याच प्रीसेटमधल्या स्नॅपशॉटने. शिवाय डिले आणि रिव्हर्ब ब्लॉकचं 'ट्रेल्स' (बंद केल्यावरही प्रतिध्वनी आपोआप विरू देणारी सोय) चालू करा. मुळात ते बंद असू शकतं.

वाहसाठी एक्स्प्रेशन पेडल वेगळं घ्यावं लागेल. बऱ्याच कंपन्यांच्या पेडलना टीआरएस (टिप, रिंग, स्लीव्ह अशा तीन संपर्कांची) केबल लागते, काहींना साधी गिटारची केबल चालते. पेडलमधल्या पॉटचा मधला पाय टिपला की रिंगला, हे कंपनीगणिक बदलतं. वाह शेवटच्या इंचातच उडी मारत असेल तर बहुधा तेच उलटं आहे. व्हॉल्यूम पेडलही घेणार असाल तर २५० किलोओहमचं पॅसिव्ह पेडल थेट गिटारनंतर, २५ किलोओहमचं बफरनंतर. उलटापालट केली तर २५ किलोचं पेडल पिकअपची ट्रेबल खाऊन टाकतं.

तारतम्य

धन्यवाद. फझ राहणार, ठरलं. मित्राचं युनिट दोन दिवसांसाठी मिळालंय, फोर केबल मेथडने जोडून पाहिलं. सगळे ब्लॉक बंद (लूप ब्लॉक तेवढा चालू) ठेवूनही तीन गोष्टी खटकतात. एक, क्लीन चॅनल आपोआप फाटतोय. दोन, सतत एक जाड भुणभुण, जी गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला तरी जात नाही. तीन, आवाज पोकळ वाटतो, नळीतून आल्यासारखा. अ‍ॅम्पच्या मागे लूपजवळ 'मिक्स' नावाचा नॉब आहे, तो अर्ध्यावर आहे.

ओहमकार

तिसऱ्याचं उत्तर तुम्हीच दिलंत. मिक्स नॉब म्हणजे तुमचा लूप पॅरलल आहे. अर्धा सिग्नल अ‍ॅम्पमधून सरळ जातो, अर्धा युनिटमधून फिरून. युनिटमधून फिरताना डिजिटल रूपांतरामुळे समजा २ मिलिसेकंद उशीर झाला, तर दोन्ही सिग्नल पुन्हा भेटतात तेव्हा २५० हर्ट्झला एकमेकांना मारतात, मग ७५०, १२५०, अशी कंगव्याच्या दातांसारखी रांगच. ती नळी म्हणजे हीच. नॉब पूर्ण वेटवर (सगळा सिग्नल युनिटमधून) न्या. अ‍ॅनालॉग डिलेला हा त्रास व्हायचा नाही, कारण त्यातला मूळ सिग्नल न अडता पुढे जातो.

उशिराची एरवी धास्ती नको. आवाज हवेत १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. फोर केबल मेथडमध्ये सिग्नल दोनदा डिजिटल होतो, म्हणून ४ मिलिसेकंद धरले तरी अ‍ॅम्पपासून सव्वा-दीड मीटर मागे सरकून उभं राहिल्यासारखं होतं.

फाटणं: युनिटच्या ग्लोबल सेटिंगमध्ये सेंडची लेव्हल 'लाइन' असेल, ती 'इन्स्ट्रुमेंट' करा. अ‍ॅम्पचा पुढचा इनपुट गिटारसाठी आहे, लाइन लेव्हल तिथे फार गरम पडते. लूपकडची बाजू मात्र अ‍ॅम्पवर अवलंबून. काही लूप −१० डीबीव्हीचे, काही +४ डीबीयूचे, दोघांत सुमारे १२ डीबीचा फरक. अ‍ॅम्पवर तसा स्विच असेल तर युनिटच्या सेटिंगशी जुळवा. तपासायची रीत सोपी: गिटार थेट अ‍ॅम्पमध्ये लावून एक कॉर्ड, मग पूर्ण जोडणीतून तीच कॉर्ड. आवाज सारखा आला पाहिजे. तो जुळेपर्यंत एकाही ड्राइव्ह ब्लॉकला हात लावू नका, नाहीतर चुकीच्या पायावर इमारत उभी राहते.

भुणभुण गिटारचा व्हॉल्यूम शून्य करूनही राहते म्हणजे पिकअपचा दोष नाही, ग्राउंड लूप आहे. अ‍ॅम्प आणि युनिट यांच्यात आता तीन केबल्स आहेत, आणि त्या प्रत्येकीची शील्ड ही ग्राउंडची वेगळी वाट आहे. या क्रमाने जा: दोघांना एकाच एक्स्टेंशन बोर्डावरून वीज द्या. मग या तिन्ही केबल्स एकत्र बांधून एकच जुडगा करा, वेटोळी जितकी पसरलेली तितकी भुणभुण जास्त. तरीही राहिली तर अ‍ॅम्पचा सेंड आणि युनिटचा रिटर्न यांच्यामध्ये १:१ ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आत बिघाड झाला की चासीवर करंट येतो, आणि तुमच्या हातात त्याच चासीला जोडलेल्या तारा असतात.

बारावा फ्रेट

एक भर. अ‍ॅम्पचा चॅनलही युनिटवरून बदलता येतो का पाहा. अ‍ॅम्पचा फूटस्विच साध्या शॉर्टवर चालणारा असेल आणि युनिटला एक्स्टर्नल अ‍ॅम्पसाठी जॅक असेल, तर एका स्नॅपशॉटमध्ये चॅनल, डिले आणि गेट तिन्ही बदलतात. अ‍ॅम्प मिडीवर (यंत्रांना आज्ञा देणाऱ्या डिजिटल भाषेवर) चालत असेल तर आकडे नीट बघा: काही यंत्रं प्रोग्रॅम ० ते १२७ मोजतात, काही १ ते १२८. सगळे पॅच एकाने सरकलेत असं वाटलं तर तेच कारण.

प्रीसेटच्या लेव्हल घरी हळू आवाजात जुळवू नका. हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो, म्हणून आपण तो वाढवून ठेवतो, आणि तालमीत मोठ्याने लावल्यावर सगळं गडगडतं. बँडच्या आवाजात क्लीन आणि क्रंच सारखे करा, लीड त्यावर साधारण ३ डीबी.

तारतम्य

मिक्स पूर्ण वेट केला, नळी गेली. सेंड इन्स्ट्रुमेंटवर आणला, क्लीन आता क्लीन आहे. केबल्स बांधल्यावर भुणभुण निम्मी झाली, ट्रान्सफॉर्मर शोधतोय. घ्यायचं झालं तर एक्सएलच, माझा पाय तीन बटणांत मावणारा नाही. जुनी पेडल लगेच विकावीत का?

मंद्रसप्तक

डिले, रिव्हर्ब, कोरस खुशाल. ओव्हरड्राइव्ह महिनाभर थांबवा, आणि तो महिना त्याला युनिटच्या इनपुटआधी फझच्या शेजारी लावून त्याच्याच मॉडेलशी आलटून पालटून ऐका. फर्मवेअर अपडेट करायच्या आधी प्रीसेटचा बॅकअप कॉम्प्युटरवर घ्या, अपडेटनंतर काही युनिटं फॅक्टरी रीसेट मागतात. आणि ट्यूनरचं पेडल विकू नका: युनिट ऐन वेळी बंद पडलं तर फझ, ट्यूनर आणि तुमचा तो क्रंच चॅनल एवढ्यावर कार्यक्रम निघतो.