मदत हवी आहे: दुधाची दाढ वाचवायची की काढायची? आणि हिरड्यांबद्दलही विचारायचंय

नमस्कार, प्रश्न जरा लांबलाय पण पूर्ण वाचा प्लीज.

मुलगी साडेपाच वर्षांची आहे. खालची दुधाची दाढ किडलीये, टॉर्च मारला की खड्ड्यातला तपकिरी भाग स्पष्ट दिसतो, आणि रात्री रडत उठते. डेंटिस्टनी एक्सरे बघून सांगितलं की कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलीये, आतली ट्रीटमेंट करून वर कॅप बसवावी लागेल. घरात मात्र सगळ्यांचं एकच, दुधाचीच दाढ ना, पडणारच आहे, एवढ्याशा जिवाला सुई कशाला, काढून टाका नाहीतर राहू दे तशीच. मला हे पटत नाहीये, पण त्यांना समजावू कसं?

दुसरं माझं. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, दुखत अजिबात नाही. आणि सासूबाईंचे पुढचे दोन दात हलायला लागलेत, त्यांना शुगर आहे, पण दात साफ करून घ्यायला तयारच नाहीत, म्हणतात त्याने दात ढिले होतात. खरंय का हे?

प्रतिसाद
ताई, वाचत असेल तर वाचवाच. पुढचे दुधाचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडायला लागतात पण दाढा साधारण १० ते १२ वर्षांपर्यंत राहतात, म्हणजे तिला अजून बरीच वर्षं याच दाढेने चावायचंय. शिवाय लवकर काढली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही. काढावीच लागली तर स्पेस मेंटेनरबद्दल (ती जागा पक्क्या दातासाठी राखून ठेवणारं छोटं साधन) विचारा. तशीच ठेवू नका, पू झाला तर खालच्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते. गालावर सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

अजून एक, सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक नवीन दाढ येते. कुठलाही दात न पडता येते म्हणून लोक तिला दुधाचीच समजतात, पण ती आयुष्यभराची असते!! ती आली की खाचांमध्ये सीलंट (कीड लागू नये म्हणून खाचा बंद करणारा पातळ लेप) भरून घेता येतं का ते विचारा. ब्रश सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच करून द्यायचा, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, थुंकायला लावायची पण नंतर खळखळून चूळ नको. झोपेत लाळ कमी होते म्हणून रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. आणि गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसात किती वेळा खाल्लं हे जास्त बघा, दरवेळी दातांवर ॲसिड तयार होतं.

प्रतिसाद
हिरड्यांचं मी सांगतो. रक्त येतं म्हणून तिथला ब्रश थांबवू नका, बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला साचलेल्या थरामुळेच ती सुजलेली असते. मऊ ब्रश हिरडीच्या रेषेकडे तिरका धरून दोन मिनिटं, आणि दातांच्या फटींत फ्लॉस (दात साफ करायचा दोरा) किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश. या टप्प्यावर हिरडी पूर्ववत होते. पण थराचा दगड झाला की तो घरी निघत नाही, डेंटिस्टकडून स्केलिंगच (दगड काढून दात साफ करणं) लागतं. सासूबाईंना सांगा, साफ केल्याने दात ढिले होत नाहीत, दगडाखाली हाड आधीच झिजलेलं असतं, दगड निघाल्यावर ते जाणवतं इतकंच. गेलेलं हाड सहसा परत येत नाही, म्हणून उशीर नको. शुगर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात यायला त्रास होतो, दोन्ही बाजूंनी आहे ते.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार, आज घरी सगळ्यांना वाचून दाखवते. सासूबाईंना नेताना काही काळजी घ्यायची का?

प्रतिसाद
शुगरचे ताजे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आवर्जून सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. सकाळची वेळ घ्या, आणि नेहमीसारखं खाऊन, गोळी घेऊनच जाऊ द्या त्यांना.