अभ्यासिकेत पाठ असलेले परीक्षेच्या खोलीत का आठवत नाही?

प्रश्न:
मी पुण्यात राज्यसेवा परीक्षेची तयारी करीत आहे. गेली दोन वर्षे एकाच अभ्यासिकेत, खिडकीलगतच्या एकाच टेबलावर माझा अभ्यास चालतो. तेथे बसले की राज्यघटनेची कलमे ओळीने आठवतात. मात्र सराव परीक्षेसाठी दुसऱ्या इमारतीत गेले की तीच कलमे जिभेवर येऊन अडतात. हा केवळ परीक्षेचा ताण आहे, की जागेचाही परिणाम असतो?

उत्तर १:
ताणाचा वाटा असणारच, परंतु जागेचाही असू शकतो. आपण एखादी गोष्ट पाठ करतो तेव्हा भोवतालचा प्रकाश, आवाज आणि वास यांची नोंदही तिच्यासोबत होते, आणि पुढे त्याच खुणा ती गोष्ट वर काढायला मदत करतात. गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली पाणबुड्यांवर केलेला प्रयोग याबाबत प्रसिद्ध आहे. पाणबुड्यांना ३६ शब्दांची यादी कधी किनाऱ्यावर, तर कधी सुमारे २० फूट पाण्याखाली ऐकवली गेली. जेथे यादी ऐकली तेथेच ती आठवायला सांगितल्यावर त्यांना अधिक शब्द सांगता आले. मात्र याच दोघांनी १९८० साली दाखवून दिले की, शब्द समोर ठेवून ‘हा यादीत होता का?’ एवढेच विचारले, तर जागा बदलल्याने फरक पडत नाही. आपल्यासाठी हा भेद मोलाचा आहे. पूर्वपरीक्षेत पर्याय समोर असतात, त्यामुळे तेथे जागेची फारशी चिंता नको. मुख्य परीक्षेच्या वर्णनात्मक उत्तरांत मात्र सारे स्वतःच आठवून लिहायचे असते, आणि जागेचा आधार सुटल्याचे तेथेच जाणवते.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे, तरी एक गोष्ट जोडतो. पाणबुड्यांचा तो प्रयोग अलीकडे पुन्हा करून पाहिला गेला तेव्हा तसा निष्कर्ष मिळाला नाही (२०२१ साली तो प्रसिद्ध झाला), म्हणून जागेचा परिणाम फार मोठा मानू नये. उपायाच्या दृष्टीने मला १९७८ सालचा स्मिथ, ग्लेनबर्ग आणि बियॉर्क यांचा प्रयोग अधिक उपयोगी वाटतो. त्यात एकच यादी दोन वेगवेगळ्या खोल्यांत वाचलेल्यांना, ती एकाच खोलीत दोनदा वाचलेल्यांपेक्षा, तिसऱ्याच खोलीत अधिक शब्द आठवले. तेव्हा टेबल सोडा. एक उजळणी घरी, एक बागेतल्या बाकावर, एक मैत्रिणीकडे करा, म्हणजे कलमे कोणत्याही एका खिडकीला बांधली जाणार नाहीत. उजळणी करताना पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर आठवून लिहा. मला स्वतःला जागा बदलण्याहूनही याचा लाभ अधिक झाला.

प्रश्नकर्ती:
दोघांचीही आभारी आहे. परंतु परीक्षेच्या दिवशी ऐन वेळी काही आठवले नाही, तर काय करावे?

उत्तर १:
मान खाली घालून क्षणभर आपली अभ्यासिका डोळ्यांसमोर आणा: टेबल, खिडकी, उघडलेल्या वहीचे पान. स्मिथ यांनीच १९७९ साली दाखवले होते की, परक्या खोलीत बसलेल्यांनी शिकण्याची मूळ खोली मनात उभी केली, तर त्यांना जवळजवळ त्या खोलीत बसलेल्यांइतकेच शब्द आठवतात. पुढच्या सराव परीक्षेतच हे करून पाहा आणि कोणती कलमे आठवली ते येथे अवश्य कळवा.