पहिली नॉर्वे सहल: अरोरासाठी हिवाळा की फ्योर्डसाठी मे-जून?

रानवाटा, पुणे (धागाकर्ता)

नॉर्वेला जायचं म्हटलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "अरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशातला तो रंगीत ध्रुवीय प्रकाश, बघणार ना?" माझं मत स्पष्ट आहे. पहिलीच खेप असेल आणि सोबत आई-बाबा व शाळकरी मुलं असतील, तर अरोराचा हट्ट सोडा. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत कधीही जा.

अरोरासाठी लोक जातात ते उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो अगदी समुद्राकाठी आहे. हिवाळ्यात तिथे ढग येऊन बसले की वर आकाशात काहीही चाललेलं असो, खाली नुसता काळोख. तीन-चार रात्रींच्या नशिबावर घरादाराचे लाखो रुपये लावणं मला पटत नाही. नोव्हेंबरच्या अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तर तिथे सूर्य उगवतच नाही. ऑस्लोतसुद्धा डिसेंबरात दिवस सहा तासांपेक्षा लहान असतो. मग बाकीचा देश बघणार कधी?

उलट मेअखेरीस ऑस्लोहून पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनला जाणाऱ्या रेल्वेत बसा. १९०९ पासून धावणारा हा मार्ग फिन्से स्थानकात १,२२२ मीटरवर चढतो. खाली सफरचंदाची झाडं फुललेली आणि इथे खिडकीबाहेर अजून गोठलेली तळी! मिरदालला उतरून फ्लॉमची गाडी पकडायची. ८६७ मीटरची उंची ती २० किलोमीटरमध्ये उतरते आणि पार फ्योर्डच्या, म्हणजे उंच कड्यांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या, काठाशी आणून सोडते. मध्ये ख्योसफॉसेन धबधब्यापाशी गाडी थांबते, सगळे लाकडी फलाटावर उतरतात. बर्फ वितळण्याचा काळ असल्याने पाण्याला इतका जोर असतो की चष्मा पुसत पुसत फोटो काढावे लागतात. पुढे नॅरॉयफ्योर्डमध्ये विजेवर चालणारी बोट. इंजिनाची धडधड नाही, त्यामुळे दोन्ही कड्यांवरून पडणारं पाणी कानाला ऐकू येतं. एके ठिकाणी हा फ्योर्ड जेमतेम २५० मीटर रुंद आहे.

आणि आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी तेव्हाच असते.

ध्रुवतारा, ठाणे

पूर्ण असहमत. आपल्यातली किती कुटुंबं नॉर्वेला दुसऱ्यांदा जातात? एवढा खर्च करून जायचं, तर जे दुसरीकडे मिळत नाही तेच बघायला जावं. डोंगर, दऱ्या, धबधबे आपल्याकडे आहेत. जुलैत माळशेजला किंवा आंबोलीला जा, नाहीतर हिमाचल गाठा. अरोरा भारतातून कुठून बघणार?

ढगांचं म्हणाल, तर तिथले गाइड रात्रभर ढगांचा नकाशा बघत गाडी चालवतात. किनाऱ्यावर आभाळ भरलं की स्किबोटनच्या दरीकडे, वेळ पडली तर फिनलंडची हद्द ओलांडून किल्पिसयार्वीपर्यंत नेतात, कारण डोंगरापलीकडे हवा कोरडी असते. रात्री दोन वाजता आकाशात हिरवा पडदा हलायला लागला आणि कडेला गुलाबी झालर दिसली, तेव्हा माझ्या सासूबाई गाडीबाहेर उभ्या राहून रडत होत्या. वय सत्तरीच्या पुढे. ज्येष्ठांना झेपत नाही हे तुम्ही परस्पर ठरवू नका.

रानवाटा

सासूबाईंना नमस्कार सांगा, मनापासून आनंद झाला. पण फ्योर्डला माळशेजच्या रांगेत बसवू नका हो. सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटर आत घुसतो आणि त्याची खोली १,३०० मीटरहून जास्त आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाई त्यात सोडली तर वर साडेतीनशे मीटरसुद्धा उरणार नाही. हिमनद्यांनी कोरलेल्या दरीत समुद्र शिरलाय, हे भारतात कुठे दाखवाल? नॅरॉयफ्योर्ड आणि गायरांगरफ्योर्ड २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत ते उगाच नाही.

पाऊसगाव, बर्गन

इथे नोकरीनिमित्त राहतो म्हणून लिहितोय. रानवाटा, तुम्ही पावसाचा उल्लेखच टाळलात. बर्गनला वर्षातले दोनशेच्या वर दिवस पाऊस पडतो. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे, तरी रेनकोट आणि पाण्यात टिकणारे बूट हवेतच. छत्री इथल्या वाऱ्यापुढे टिकत नाही.

जेवणाबद्दल. हॉटेलात चौघांनी रोज जेवायचं म्हटलं तर बजेट कोलमडेल. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या, रेमा किंवा किवीसारख्या दुकानातून भाजी, तांदूळ, अंडी आणा. नळाचं पाणी निर्धास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरा. भारतातून मेतकूट, चटण्या, उपम्याचा भाजलेला रवा खुशाल आणा, पण तूप, पेढे, पनीर आणू नका. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. रवा भाजायचा तो तेलावर!

गोदाकाठ, नाशिक

दिवाळीच्या सुट्टीचा विचार कोणीच कसा केला नाही? लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे चंद्राचा उजेड आडवा येत नाही. २०२६ ला ते ८ नोव्हेंबरला आहे. तेव्हा ट्रॉम्सोला सूर्य दुपारी सव्वादोनच्या आसपास मावळतो, पुढे लांबलचक काळी रात्र. जानेवारीइतकी थंडीही नसते. शिवाय त्याच सुमारास श्येर्वॉयजवळ हेरिंग मासळीमागे ओर्का आणि हम्पबॅक देवमासे यायला लागतात. येताना ऑस्लो-बर्गन रेल्वे आणि फ्लॉमही करता येतं, दोन्ही बारमाही चालतात.

रानवाटा

अमावास्येचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण ढग तिथी बघून येत नाहीत. आणि नोव्हेंबरात फ्योर्डवर दुपारी चारला अंधार पडतो, मेअखेरीस बर्गनला रात्री साडेदहालाही उजेड असतो. आई-बाबांना सावकाश फिरवायचं तर हा जास्तीचा वेळ मोलाचा.

माहेरवाशीण, कोल्हापूर

तुम्ही सगळे स्वतः आखणी करणारे दिसता. आम्ही ग्रुप टूरने गेलो. कोपनहेगन, ऑस्लो, स्टॉकहोम, हेलसिंकी, स्टॉकहोमहून रात्रीच्या बोटीने हेलसिंकी. सोबत मराठी टूर मॅनेजर, रोज वरण-भात. माझ्या वडिलांना इंग्रजी येत नाही, त्यांना हेच सोयीचं होतं. याला कमी लेखू नये.

रानवाटा

ताई, कमी लेखत नाही. तुमच्या वडिलांसाठी तुम्ही बरोबरच केलंत. माझी तक्रार चार राजधान्यांच्या आखणीशी आहे. चार शहरं पाहून झाली तरी त्यात पश्चिम नॉर्वेचा फ्योर्ड एकही नाही, आणि नॉर्वेच्या वाट्याला ऑस्लोतला एक दिवस. टूरच घ्यायची तर फक्त नॉर्वेची घ्या.

ध्रुवतारा

यावर मात्र सहमत. एकच देश धरा, मग उत्तरेला जा नाहीतर पश्चिमेला. व्हिसालाही ते सोपं जातं. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, आणि अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. चार देशांत समसमान दिवस वाटले की तिथेच गोंधळ सुरू होतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. मे-जूनला जाणाऱ्यांनी तारखेसाठी जानेवारीतच हालचाल करावी, नंतर स्लॉट मिळणं कठीण होतं.

पाऊसगाव

आणखी एक, कारण दरवर्षी कोणीतरी फसतं. पार उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर जायचा मोह झाला तर आधीच विचार करा. ते नॉर्वेचंच, पण शेंगेनमध्ये नाही. ट्रॉम्सोहून तिकडे गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. परत यायला दोन वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो, तो अर्जातच मागून ठेवा.