एआय एजंटसाठी प्लेराइटच्या टूल्सची माहिती कशी लिहायची?

निपाणीवाला:
पहाणी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) ऑनलाइन बघायला एजंटला प्लेराइट एमसीपी (एजंटला ब्राउझर चालवू देणारं साधन) जोडून दिलंय, पण पान कन्नडात, आमच्या सूचना मराठीत, आणि तो भलतंच बटण दाबायलाय. माणसांसाठी लिहिलेली माहिती तशीच दिली तर चालत नाही काय ओ?

टिळकवाडीकर:
नाही चालत ओ. त्याला मुख्यतः स्क्रीनशॉट नाही, ॲक्सेसिबिलिटी ट्रीचा (पानावरच्या घटकांच्या मजकुरातल्या रचनेचा) स्नॅपशॉट मिळतो, त्यात प्रत्येक घटकाचा रोल (बटण, यादी वगैरे), नाव आणि रेफ (त्या घटकाची ओळखखूण). म्हणून 'वरचं निळं बटण' लिहून उपयोग नाही, कन्नड लेबल अक्षर न बदलता द्या आणि पुढं मराठीत अर्थ लिहा. क्रमही लिहा की, जिल्हा, तालुका, होबळी (तालुक्यातला गावांचा गट), गाव, मग सर्व्हे नंबर. आधीचं निवडल्याशिवाय पुढची यादी भरतच नाही, आणि एजंट नेमका तिथंच अडकतो.

खानापूरची:
बरोबर. पान बदललं की जुना रेफ चालत नाही, नवा स्नॅपशॉट घ्यायला लावा. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे कुठं थांबायचं ते: कॅप्चा आला, पैसे भरायचं पान आलं की माणसाला विचार, हे स्पष्ट लिहाच. शेतकऱ्याच्या जमिनीचं काम आहे हे.

निपाणीवाला:
होबळीचं ध्यानातच नव्हतं, आजच घालतो.