अपडेटनंतर लॅपटॉप चालूच होत नाही, फॉरमॅटआधी काय करून बघावं?

पाटीपेन्सिल
विंडोज ११. अपडेट होऊन रीस्टार्ट झाल्यापासून लोगो, खाली फिरणारा गोल, मग 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' आणि पुन्हा लोगो, हेच चक्र चालू आहे. मध्ये एकदा बिटलॉकरची (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) की मागितली. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या फायलींचा बॅकअप नाही. ज्याला विचारावं तो 'फॉरमॅट मार' म्हणतो. 'रिसेट धिस पीसी'मधलं 'कीप माय फाइल्स' निवडलं तर चालेल का?

चिमटा
रिसेट इतक्यात नको. फायली राहतात, पण बाहेरून टाकलेले सगळे प्रोग्रॅम जातात, आणि ते मध्येच अडकलं तर आत्ता जे दुरुस्त होण्यासारखं आहे तेही हातचं जाईल. तो शेवटून दुसरा उपाय समजा.

आधी बिटलॉकरची की मिळवा, कारण तिच्यावाचून पुढचं काहीच होणार नाही. ती ४८ आकडी असते, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, डिव्हाइसेसच्या यादीत हा लॅपटॉप उघडा, तिथे रिकव्हरी की दिसेल. एकाहून जास्त असल्या तर निळ्या स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून पाहा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर की त्यांच्या आयटी विभागाकडे असते.

की मागितली म्हणून घाबरू नका. बूटच्या (मशीन चालू होतानाच्या) फायली किंवा बायॉस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) बदललं की कुलपाची गुपितं जपणाऱ्या टीपीएम चिपमधली नोंद जुळत नाही आणि विंडोज खात्री करून घेतं, एवढंच. मात्र बायॉसमध्ये जाऊन 'क्लिअर टीपीएम' करू नका. हाताशी की नसेल तर डेटा कायमचा गेला. आणि की मागणाऱ्या स्क्रीनवर 'स्किप धिस ड्राइव्ह' दाबलंत तर ड्राइव्ह कुलूपबंदच राहतो, मग अपडेट काढायला गेल्यावर नुसत्या एरर येतात.

आता मूळ काम. दुरुस्तीचा निळा मेनू आपोआप येत नसेल तर लोगो दिसताच पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की येतो. ('वर्किंग ऑन अपडेट्स' आणि टक्के दिसत असतील तर मात्र हे करू नका, दोन तास तरी थांबा. तेव्हा वीज तोडली की अपडेट अर्धवट राहतं.) मेनूत ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. तिथे दोन पर्याय आहेत. दरमहाचं अपडेट असेल तर 'क्वालिटी', विंडोजची आवृत्तीच बदलली असेल तर 'फीचर'. फीचर अपडेट साधारण दहा दिवसांतच मागे घेता येतं, नंतर जुन्या विंडोजचं फोल्डर साफ होतं.

कोरापान
+१. पण अपडेट काढण्याआधी फायली बाहेर घ्या. त्याच मेनूत कमांड प्रॉम्प्ट उघडा, नोटपॅड असं टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. त्या चौकटीत राइट क्लिक करून फोल्डर कॉपी करता येतं आणि पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतं. प्रगतीची पट्टी दिसत नाही, चौकट गोठल्यासारखी वाटते. तशीच राहू द्या. आणि इथे ड्राइव्हची अक्षरं बदलतात: एक्स म्हणजे दुरुस्तीचा स्वतःचा तात्पुरता ड्राइव्ह, तुमचं विंडोज कधी सी वर दिसेल तर कधी डी वर. यूझर्स फोल्डर कुठे आहे ते बघून ठरवा.

पाटीपेन्सिल
की मिळाली, फायली कॉपी झाल्या. पण क्वालिटी अपडेट काढताना 'तुमचे अपडेट काढता येत नाहीत' अशा अर्थाचा संदेश येतो. आता?

चिमटा
म्हणजे अपडेटचं काही काम अजून 'पेंडिंग' आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयएसएम ही विंडोज दुरुस्तीची कमांड चालवा: तिला इमेज म्हणून विंडोज असलेला ड्राइव्ह द्या (एक्स नव्हे), मग क्लीनअप-इमेज, मग रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स हा शेवटचा शब्द सलग, मध्ये जागा न सोडता. प्रत्येक भागाआधी तिरकी रेघ. ती अर्धवट कामं मागे घेते. मग रीस्टार्ट करा. पहिल्या वेळी बराच वेळ लागतो, मध्ये बंद करू नका.

विंडोजच्या विनएसएक्सएस फोल्डरमधली पेंडिंग नावाची एक्सएमएल फाइल उडवा असाही सल्ला कुठेतरी वाचाल. नको. त्याने अर्धवट स्थिती तशीच राहते, फक्त तिची नोंद जाते.

सोल्डर
बूटरेक आणि फिक्सबूट या बूट दुरुस्तीच्या कमांडचा सल्ला कुणी देण्याआधीच सांगतो: यूईएफआयच्या (जुन्या बायॉसची जागा घेतलेली नवी पद्धत) मशीनवर फिक्सबूट बहुतेकदा 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणतं. बूटच्या फायलीच बिघडल्या असतील तर डिस्कपार्ट या टूलमध्ये ईएफआय पार्टिशनला (डिस्कचा बूटच्या फायलींचा भाग; फॅट३२, बहुधा १०० एमबीच्या आसपास) एखादं मोकळं अक्षर द्या आणि बीसीडीबूट या कमांडने फायली नव्याने तिथे टाका. पण तुमचा लोगोखालचा गोल फिरतोय, म्हणजे बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅम) ठीक आहे. त्याला हात लावू नका.

निळ्या स्क्रीनवर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं तर आधी बायॉस बघा. बायॉसचं अपडेट सोबत आलं असेल तर कधी कधी सेटिंग मूळपदावर जातात आणि डिस्कचा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) व्हीएमडी किंवा रेडवरून एएचसीआय होतो, किंवा उलट. पूर्वी जो होता तोच परत लावला की मशीन चालू. इथे लोक उगाच विंडोज उडवतात.

कोरापान
अपडेट निघालं तरी काळी स्क्रीन राहिली तर स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोड. तिथे नीट चालू झालं तर बहुतेक वेळा दोष ड्रायव्हरचा, जास्त करून ग्राफिक्सचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर'.

उबंटूप्रेमी
लिनक्सवाल्यांसाठी दोन ओळी. चालू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रब (लिनक्सचा बूट मेनू) आणा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचं कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडा. नवीनच चालत नसेल तर /बूट भरलंय का ते पाहा. जागा नसली की इनिटरॅमएफएस (कर्नलला सुरू होताना लागणारी फाइल) अर्धवट बनते.

पाटीपेन्सिल
डीआयएसएमनंतर रीस्टार्ट केलं, डेस्कटॉप आला! तेच अपडेट रात्रीतून परत लागू नये म्हणून काय करू?

चिमटा
सेटिंग्ज, विंडोज अपडेट, 'पॉज अपडेट्स'. पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. त्या अवधीत सी ड्राइव्हवर २०-२५ जीबी मोकळे करा, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नवे ड्रायव्हर घ्या, आणि किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर बनवून ठेवा; पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. बिटलॉकरची की कागदावर उतरवा, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही.