मदत हवी आहे : मुलगी म्हणते, प्रभूवरचा विश्वासही राहील आणि विचक्राफ्टही

नमस्कार. आम्ही वडोदऱ्याच्या फतेगंज भागात राहणारे मराठी ख्रिस्ती. सासरचे लोक मूळचे अहमदनगरकडचे. रविवारची उपासना आम्ही गुजराती मंडळीबरोबर मेथडिस्ट चर्चमध्ये करतो, पण रात्रीची घरची प्रार्थना अजून मराठीतच होते आणि तिची सुरुवात बहुधा ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या एखाद्या भजनाने होते. प्रश्न माझ्या २३ वर्षांच्या मुलीविषयी आहे; मात्र लिहायला बसल्यावर लक्षात आले की तो थोडाफार माझाही आहे.

गेल्या महिन्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत एक लहान बरणी दिसली. शेजारून कोणी लोणचे दिले असेल असे समजून उघडायला गेले, तर झाकण मेण ओतून बंद केलेले. आत खडेमीठ, दालचिनीचा तुकडा, दोन तमालपत्रे आणि सुरळी केलेली चिठ्ठी. हे काय आहे म्हणून विचारले, तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली, “आई, चिठ्ठीवर स्तोत्र ९१ लिहिलं आहे. घराच्या रक्षणासाठी केलंय.” बायबलमधले हे स्तोत्र ती पहिलीत असताना मीच तिच्याकडून पाठ करून घेतले होते.

मग सगळे बाहेर आले. पौर्णिमेला गच्चीवर मेणबत्त्या लावणे, टॅरोचे (भविष्य पाहण्याचे) पत्ते काढणे, इच्छा लिहिलेले तमालपत्र जाळणे, हे वर्षभर चालू आहे. ती स्वतःला ‘ख्रिश्चन विच’, म्हणजे ख्रिस्ती चेटकीण, म्हणवते. उपासना तिने एकदाही चुकवलेली नाही, गायनवृंदात गाते, आणि जे काही करते ते येशूच्या नावाने करते असे तिचे म्हणणे आहे.

बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात शकुन पाहणारे, मंत्रतंत्र करणारे आणि मृतांना विचारणारे यांना स्पष्ट मनाई आहे, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात चेटके ही मूर्तिपूजेच्या पंक्तीला बसवली आहेत, हे मी तिला दाखवले. तिला ते पाठच होते. तिने उलट विचारले, की ताऱ्यावरून वाट काढत बाळ येशूपर्यंत पोहोचलेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ते ज्ञानी, कोण होते? टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडले नाही. उलट त्यांतूनच ख्रिस्त गायला. मग मी चंद्र आणि मेणबत्ती घेतली तर बिघडले कुठे? यावर मला उत्तर सुचले नाही, आणि तिसऱ्या प्रश्नावर तर मी गप्पच झाले.

तिचा तिसरा प्रश्न दृष्टीचा होता. माझ्या सासूबाई दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, पण नातवंडाने दूध टाकले की मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरवायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका लागला नाही तर “बघ, केवढी नजर होती” म्हणायच्या. हे करताना ओठांत प्रभूची प्रार्थना चालू असे. त्या गेल्यानंतर मुलाला ताप आला तेव्हा मीही गॅसवर तवा तापवून तेच केले आहे, आणि मुलीने ते पाहिले आहे. “आजीचं ते संस्कार आणि माझं ते चेटूक, असं का?” या तिच्या प्रश्नाला ‘ते वेगळे’ एवढेच मला म्हणता आले. वेगळे कसे, ते अजून सांगता आलेले नाही.

आणखी एक गोष्ट मला आतून खुपते. आमच्यापासून फार लांब नसलेल्या छोटाउदेपूर-दाहोदच्या पट्ट्यात ‘डाकण’ (चेटकीण) हा शब्द एखाद्या बाईला चिकटला की तिची मारहाण होते, तिला गाव सोडावे लागते. जो शब्द तिथे बायकांच्या जिवावर उठतो, तोच इंग्रजीत आल्यावर माझी मुलगी हौसेने कपाळी लावते.

येत्या जूनपासून तिने संडे स्कूलमध्ये लहान मुलांना शिकवावे असे मंडळीत ठरत आहे. पाळकसाहेबांना (पास्टरना) मी आधी सांगावे की तिच्यावर सोडावे? आणि मुळात या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात का? कृपया तिला ‘सैतानाची’ ठरवणारी उत्तरे नकोत. तशी दोन उत्तरे नातेवाइकांकडून मिळालेली आहेत.

प्रतिसाद (निवृत्त पाळक, इंदूर)

ताई, आपण अनुवादाचे वचन दाखवले ते योग्यच केले, पण आपल्या मुलीच्या प्रश्नाला अधिक जवळचा उतारा बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. शोमरोनातील शिमोन हा जादूगार होता. त्याने विश्वास ठेवला, बाप्तिस्माही घेतला, आणि नंतर प्रेषितांनी हात ठेवल्याने पवित्र आत्मा मिळतो हे पाहून त्याने ते सामर्थ्य पैसे देऊन मागितले. म्हणजे बाप्तिस्मा झालेला जादूगार ही आजची नवलाई नाही. प्रेषित पेत्राने त्याला फटकारले त्याचे कारण केवळ पैसा नव्हे. देवाचे दान आपल्या हातात यावे, आपण म्हणू तेव्हा आणि म्हणू तसे चालावे, ही इच्छाच त्याच्या बोलण्यात उघडी पडली.

वस्तूंवर आपण अडून बसू नये असे मला वाटते. अलीशा संदेष्ट्याने यरीहो गावच्या खराब पाण्यात मीठच टाकले होते, येशूने आंधळ्याच्या डोळ्यांना थुंकीने कालवलेली माती लावली, आणि आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असे याकोबाच्या पत्रात लिहिले आहे. मीठ, माती, तेल यांत पाप नाही. फरक मागण्यात आहे. प्रार्थना करणारा मागतो, आणि नकार मिळण्याची शक्यता त्याने मान्य केलेली असते. मंत्र टाकणारा मात्र कृती बरोबर झाली की फळ यायलाच हवे असे धरून चालतो. स्तोत्र ९१ पाठ म्हणणे ही प्रार्थना झाली. तेच बरणीत घालून मेणाने बंद केले आणि आता ही बरणी घर राखील असे मानले, तर तो ताईत झाला. टिळकांचे उत्तरही इथेच आहे. त्यांनी अभंगाचा साचा घेतला, पण त्या अभंगातून ते ख्रिस्ताजवळ मागतच राहिले. टॅरोचे पत्ते काढताना आपली मुलगी कोणाला विचारते, हे तिने स्वतःशी ठरवावे.

‘येशूच्या नावाने करते’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही. कृत्ये १९ मध्ये स्किवाचे सात मुलगे येशूचे नाव मंत्रासारखे वापरायला गेले आणि उघडे-जखमी होऊन घराबाहेर पळाले.

दृष्टीचे म्हणाल, तर सासूबाईंच्या ओठांत प्रार्थना होती, पण भरवसा ठसक्यावर होता. सासूबाई आणि मुलगी या दोघींत आपण अंतर शोधत आहात. मला ते फारसे दिसत नाही. मुलीला हे आपण प्रांजळपणे सांगितले तर तिला उरलेले ऐकावेसे वाटेल.

प्रतिसाद (इतिहासाचा वाचक, वडोदरा)

धर्मशास्त्राचे मी बोलत नाही, पण ‘एकत्र राहू शकतात का’ याचे इतिहासातले उत्तर ‘राहिल्या आहेत’ असेच आहे. इटलीतल्या फ्रिउली भागात सोळाव्या-सतराव्या शतकांत बेनान्दान्ती नावाचे शेतकरी होते. पिकाच्या रक्षणासाठी आपला आत्मा रात्री चेटकिणींशी लढायला जातो आणि ही लढाई आपण ख्रिस्ताच्या बाजूने लढतो, असे ते चौकशीत सांगत. १५७५ पासून चर्चच्या न्यायाधिकरणाने त्यांची चौकशी सुरू केली आणि पुढे त्यांनाच चेटके ठरवत नेले. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील जर्मन ख्रिस्ती लोकांमध्ये बायबलमधली वचने म्हणून जखमेचे रक्त थांबवण्याची, ताप उतरवण्याची परंपरा होती आणि अशा तोडग्यांचे एक पुस्तक तिथे १८२० मध्ये छापले गेले. स्वतःला जादूगार म्हणवणे मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांना अजिबात रुचले नसते.

हे विचक्राफ्ट ख्रिस्ती धर्माहून जुने आहे असे कन्येचे म्हणणे असेल, तर तेवढे तपासून पाहावे. विचक्राफ्टचा आजचा पंथ, विक्का, इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांनी विसाव्या शतकात पुढे आणला. तिथला १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांचे याविषयीचे पुस्तक निघाले. विक्कामध्ये देव आणि देवी अशी जोडी पूजली जाते, म्हणून तो पंथ एकाच देवावरच्या विश्वासाशी जुळवणे अवघड जाते. केवळ मेणबत्ती-तमालपत्राचे तोडगे करणारे लोक हे सगळे मानतातच असे नाही.

गुजरात विधानसभेने २०२४ मध्ये नरबळी आणि काळ्या जादूविरुद्ध कायदा मंजूर केला, तसा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. दोन्हींचा रोख लोकांना फसवणाऱ्या आणि छळणाऱ्या अघोरी प्रथांवर आहे. गच्चीवरच्या मेणबत्तीने धास्तावू नये. ‘डाकण’विषयी आपण लिहिले ते मात्र कन्येला अवश्य वाचायला द्यावे.

धागा सुरू करणारीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री प्रार्थनेच्या वेळी आम्ही दोघींनी कृत्ये ८ आणि १९ वाचले. एकोणिसाव्या अध्यायात एक गोष्ट मुलीच्याच लक्षात आली. इफिसात जादूची पुस्तके जाळणारे लोक आधीच विश्वासात आलेले होते. म्हणजे काही काळ तरी त्यांच्या घरात दोन्ही होते. पुस्तकांची किंमत ५०,००० चांदीची नाणी भरली, तरी ती कोणी त्यांच्याकडून हिसकावून घेतली नाहीत. बरणी मी फोडून टाकीन अशी तिला भीती होती, ती या उताऱ्याने गेली असावी.

तव्यावरच्या मिरच्यांबद्दल मी तिच्यापाशी कबुली दिली. ती हसली आणि म्हणाली, “म्हणजे आता तू पण तुझा टॅरो सोडलास.” पत्ते तिने कपाटात ठेवले आहेत, टाकलेले नाहीत. संडे स्कूलचे पाळकसाहेबांशी ती स्वतः बोलणार आहे, आणि तोपर्यंत मी बोलणार नाही असे तिने माझ्याकडून वदवून घेतले आहे. चंद्राचे तिला अजून पटलेले नाही. पौर्णिमेच्या रात्री गच्चीवर नुसती प्रार्थना केली तर चालेल का, असे तिने पाळक काकांना विचारायला सांगितले आहे.