मदत हवी आहे: मेन्शियसच्या ‘शिन’साठी मराठी शब्द

मेन्शियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाचे काही उतारे मूळ चिनीतून मराठीत आणतेय आणि ‘शिन’पाशी अडकलेय. शिन म्हणजे छातीत धडधडणारं हृदय, आणि विचार करणारंही तेच. विहिरीत पडू पाहणारं मूल दिसताच कळवळतं, तेही शिनच. ‘विसरणे’ या अर्थाच्या चिनी अक्षरातसुद्धा खाली शिन बसलेलं असतं!

‘मन’ घेतलं तर शरीर सुटतं, ‘हृदय’ विचार करत नाही, ‘काळीज’ नुसतं तुटतं. चिनी बौद्ध अनुवादकांनी ‘चित्त’साठी शिनच वापरला, पण मेन्शियस त्यांच्या कितीतरी आधीचा, इ.स.पू. ४ थ्या शतकातला. त्याला तो रंग नको. सध्या ‘अंतःकरण’वर थांबलेय.

शब्द सगळीकडे एकच हवा, तळटीपा नकोत, वाचक अकरावी-बारावीचे. अंतःकरण ‘विचार करतं’ असं जुन्या मराठीत किंवा बोलीत कुठे वाचलं-ऐकलंय का? की याहून साधा शब्द आहे?